कुरडई, लांब रोटी, रोडगा: घाईच्या चैत्रात कुठली पायरी गाळायची?

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे दोनदा बोललं गेलं ते इथं एकदाच ठेवलंय, बाकी बरंचसं जसंच्या तसं आहे.

फाल्गुन सरत आला आणि चैत्र लागला की आमच्या पारशिवनीकडे एकाच वेळी चार कामं अंगावर येतात. शेतात गहू-हरभरा निघायचा असतो. पोरांच्या परीक्षा असतात. लग्नाच्या तारखा सुरू होतात. आणि अंगणात वाळवण: कुरडया, पापड, सरगुंडे, मुगवड्या, शिवाय वर्षभराच्या तिखटाच्या मिरच्या. पेंचच्या जंगलात पळस फुलला की घरातल्या बाईची झोप दोन तासांनी कमी होते, असं आमच्याकडे म्हटलं तर कोणी हसणार नाही, कारण ते खरंच आहे.

हे काम कमी करूया म्हटलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "विकत आणा ना, कशाला एवढा खटाटोप?" दुसरा म्हणतो, "आजी करायची तसंच करायचं, नाहीतर करायचंच नाही." या भांडणात एक साधा प्रश्न राहून जातो: यातली कुठली पायरी कशासाठी आहे? ते कळलं की कुठली पायरी गाळता येते, कुठली पुढेमागे करता येते आणि कुठलीला हात लावायचा नाही, हे आपोआप ठरतं. मी दिवसभर सॉफ्टवेअरचं काम करतो. तिथंही एखादी जुनी ओळ कशासाठी लिहिली होती हे माहीत नसताना खोडायची नसते, आणि माहीत झाल्यावर उगाच जपायचीही नसते.

म्हणून आज तीन पदार्थ घेतो. तिन्ही गव्हाचे, तिन्ही आमच्या भागातले, आणि एकमेकांपासून अगदी वेगळे: कुरडई, लांब रोटी आणि रोडगा.

दाण्याच्या आत काय असतं

गव्हाच्या दाण्यात साधारण ६० ते ७० टक्के स्टार्च असतो. कुरडईच्या भाषेत त्याला आपण "चीक" म्हणतो, तो मुख्यतः हाच. १० ते १४ टक्के प्रथिनं असतात, आणि त्यातल्या बऱ्याच मोठ्या हिश्श्यापासून ग्लुटेन बनतं. शिवाय वरचा कोंडा, थोडं तेल, थोडी साखर.

ग्लुटेन दाण्यात तयार जाळं म्हणून बसलेलं नसतं. ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन नावाची दोन प्रथिनं असतात. त्यांना पाणी लागलं आणि ती मळली गेली की त्यांचं जाळं विणलं जातं. ग्लायाडिनमुळे कणीक लांबते, ग्लुटेनिनमुळे ती मागे खेचली जाते. पोळी लाटताना ती पुन्हा आक्रसते ना, ते ग्लुटेनिनचं काम.

घरी बघायचं असेल तर मुठीएवढा कणकेचा गोळा अर्धा तास झाकून ठेवा आणि मग पाण्याच्या भांड्यात हलक्या हातानं चोळत राहा. पाणी दुधासारखं पांढरं होतं, तो स्टार्च. हातात शेवटी रबरासारखा चिवट गोळा उरतो, ते ग्लुटेन, कोंड्याचे कण चिकटलेलं. इटलीतल्या बोलोन्या शहरात याकोपो बेक्कारी नावाच्या शास्त्रज्ञानं हाच प्रयोग करून १७२८ मध्ये त्यावर व्याख्यान दिलं. ते १७४५ मध्ये छापलं गेलं, आणि ग्लुटेनच्या अभ्यासाची सुरुवात तिथून मानतात.

आता सगळ्या भागाचा सारांश एका वाक्यात: कुरडईत ग्लुटेन काढून टाकायचं असतं, लांब रोटीत ते जेवढं ताणता येईल तेवढं ताणायचं असतं, आणि रोडग्यात ते असू द्यायचं, पण त्याला जाळं विणू द्यायचं नाही. प्रत्येक पायरी या तीनपैकी एका कामासाठी आहे.

कुरडई: तीन दिवस गहू का भिजवायचा

पद्धत बहुतेकांना माहीत आहे, तरी पटकन सांगतो. गहू निवडून धुवून तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटायचा. पूर्वी पाटा-वरवंटा, आता मिक्सर. फडक्यातून पिळून चीक काढायचा, चोथा बाजूला. चीक रात्रभर भांड्यात स्थिर ठेवायचा. सकाळी वर आलेलं पिवळट पाणी ओतून द्यायचं आणि तळाशी बसलेला घट्ट चीक आधणात घालून शिजवायचा. मग सोऱ्यातून घालायच्या आणि उन्हात वाळवायच्या.

पहिला प्रश्न, तीन दिवस का? दाणा मऊ व्हायला एक रात्रही चालते. पण तीन दिवसांत पाण्यात दह्यातल्या जिवाणूंच्या जातकुळीतले जिवाणू वाढतात आणि पाणी आंबतं. या आंबट पाण्यात ग्लुटेनची पकड सैल होते, त्यातलं काही विरघळूनही जातं, आणि स्टार्चचे कण सुटे होतात. म्हणजे तीन दिवस आपण काहीच करत नसतो, पण भांड्यात ग्लुटेन सोडवायचं काम चालू असतं. रोज पाणी बदलायचं ते वास आणि आंबटपणा हाताबाहेर जाऊ नये म्हणून. चैत्रात पारा ४० च्या आसपास असताना ते चुकवलं तर चीक नुसता आंबत नाही, नासतो.

ही पद्धत किती जुनी असावी? रोमन लेखक केटो यानं इसवी सनापूर्वी १६० च्या सुमारास शेतीवर पुस्तक लिहिलं. त्यात गव्हाचा स्टार्च काढायची कृती आहे: गहू दहा दिवस भिजवायचा, रोज दोनदा पाणी घालायचं, मग कापडातून पिळायचा, उन्हात वाळवायचा, आणि खायचा तेव्हा दुधात शिजवायचा. आमच्याकडे कुरडया घालायच्या दिवशी पोरं पातेल्याभोवती वाटी घेऊन उभी राहतात आणि गरम चीक दूध-साखर घालून खातात. दोन हजार वर्षं आणि एक अख्खा समुद्र मध्ये असूनही खाण्याची रीत तीच.

दुसरा प्रश्न, रात्रभर स्थिर का ठेवायचं? स्टार्चचा कण पाण्यापेक्षा साधारण दीडपट जड असतो, म्हणून तो तळाशी जातो. पण कण दोन आकारांचे असतात. मोठे लवकर बसतात, बारीक कण तरंगत राहतात आणि त्यांना वेळ लागतो. वरच्या पिवळट पाण्यात विरघळलेली साखर आणि प्रथिनं असतात. तेलात पडल्यावर पदार्थ लाल-तपकिरी होतो तो मुख्यतः साखर आणि प्रथिनं एकत्र तापल्यामुळे. ते पाणी नीट काढलं की कुरडई तळल्यावरही पांढरीशुभ्र राहते. कुरडईच्या पांढरेपणाचं श्रेय गव्हाला दिलं जातं, पण त्यात त्या ओतून दिलेल्या पाण्याचा वाटा मोठा असतो.

तिसरा प्रश्न, शिजवताना एवढं घोटायचं कशाला? स्टार्चचे कण थंड पाण्यात विरघळत नाहीत. ६० अंशांच्या आसपास ते पाणी पिऊन फुगायला लागतात आणि शेवटी फुटून एकजीव होतात. सगळे कण सारखे फुगले नाहीत तर बाहेरचा थर शिजून आतला कच्चा चीक कोंडतो, त्यालाच आपण गाठ म्हणतो. आई म्हणते, "हात थांबवू नको, गाठी पडतीन." बरोबर तेच. पांढरा चीक काचेसारखा पारदर्शक दिसायला लागला की कण पूर्ण फुगले असं समजायचं. ही पायरी अर्धी सोडली तर कुरडई वाळते छान, दिसते छान, पण तेलात फुलत नाही. कारण फुलायचं काम या शिजलेल्या स्टार्चवर अवलंबून आहे. वाळलेल्या कुरडईतही थोडं पाणी अडकलेलं असतं. गरम तेलात त्याची एका क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपटीहून जास्त जागा लागते. शिजून एकसंध झालेला स्टार्च तेवढ्यात मऊ होऊन फुग्यासारखा ताणला जातो आणि लगेच कडक होतो. कच्चा स्टार्च ताणला जात नाही, वाफ फटीतून निघून जाते.

म्हणून पहाटे चारला चूल पेटते. शिजलेला चीक गरम असतानाच सोऱ्यातून घालावा लागतो, गार झाला की घट्ट होऊन दाबताना खांदे भरून येतात. आणि उन्हात त्या सकाळीच पडल्या पाहिजेत, म्हणजे दुपारचा वारा सुटायच्या आत वरचा थर सुकतो आणि धूळ चिकटत नाही.

उरलेल्या चोथ्याच्या बऱ्याच घरांत भुसवड्या घालतात, नाहीतर तो गुरांपुढे जातो. कोंडा आणि उरलंसुरलं ग्लुटेन त्यातच असतं. वाया जात नाही.

लांब रोटी: कणीक आपटायची कशाला

आता उलट टोक. नागपूरकडची लांब रोटी. कोणी लंबी रोटी म्हणतं, कोणी मटक्यावरची रोटी. चुलीवर मडकं उपडं ठेवलेलं, त्याखाली जाळ. बाई कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत लांबवते आणि मडक्यावर पसरते. कागदासारखी पातळ. सावजी रश्श्यासोबत किंवा आमरसासोबत. हिची नातलग म्हणजे खानदेशातले खापरावरचे पुरणाचे मांडे.

इथं लाटणं नाही, पोळपाट नाही. नुसत्या ताणावर कणीक फाटता न फाटता हातभर लांब होते. हे फक्त ग्लुटेनच्या जाळ्यावर होतं, त्यामुळे प्रत्येक पायरी ते जाळं मजबूत करण्यासाठी आहे. पीठ बारीक दळून फडक्यातून चाळायचं, कारण कोंड्याचे टोकदार कण जाळं कापतात. मीठ घालायचं, ते चवीसोबत जाळं घट्टही करतं. पाणी इतकं की कणीक हातातून ओघळावी, कारण कोरड्या कणकेत प्रथिनांना हलायला जागाच नसते. आणि मग परातीत आपटायची. उचलायची, ताणायची, आपटायची. पुन्हा. या आपटण्यानं प्रथिनांचे धागे एका दिशेत येतात आणि एकमेकांना धरतात.

या तिन्ही पदार्थांत हातांना सगळ्यात जड काम हे. आणि गंमत म्हणजे, गाळता येणारी सगळ्यात मोठी पायरीसुद्धा हीच.

ग्लुटेनचं जाळं मळण्यानं लवकर बनतं, पण नुसतं पाणी आणि वेळ मिळाला तरी बनतं. फ्रान्समधल्या रेमों काल्व्हेल या पावाच्या जाणकारानं १९७४ मध्ये हे पद्धतशीर मांडलं: पीठ आणि पाणी नुसतं कालवून झाकून ठेवा, मग मळा, मळायला फार कमी वेळ लागतो. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या जिम लेही या बेकरनं तर न मळताच, रात्रभर ठेवलेल्या ओल्या पिठाचा पाव लोकप्रिय केला. तीच युक्ती इथं लावायची. रात्री जेवणं झाली की चाळलेलं पीठ, मीठ आणि भरपूर पाणी कालवायचं, पाच मिनिटांचं काम. झाकून फ्रिजमध्ये. सकाळी काढून तासभर बाहेर ठेवायचं आणि ओल्या हातानं चार-पाच वेळा ताणून घडी घालायची. तासाभराचं आपटणं वाचतं. फ्रिज यासाठी की बाहेर, चैत्रातल्या उकाड्यात, रात्रभरात पीठ आंबून जातं.

गाळता येत नाही ती पायरी म्हणजे चाळणं आणि प्रचंड तापलेला घुमट. मडकं नसेल तर गॅसवर लोखंडी कढई उपडी ठेवून ती चांगली तापू द्या. तवा चालत नाही, कारण रोटी ज्या आकारात ताणली जाते तो आकार गोलाईचा आहे. सपाट तव्यावर तिला घड्या पडतात.

रोडगा: ओव्हन नसलेलं बेकिंग

बेकिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर केक येतो आणि वाटतं, हे बाहेरून आलेलं. पण गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला रोडगा हे शुद्ध बेकिंगच आहे. आणि जुनं. संत एकनाथांच्या प्रसिद्ध भारुडात भवानीआईला बोललेला नवस रोडग्याचाच आहे, म्हणजे सोळाव्या शतकात रोडगा ऐकणाऱ्याला समजावून सांगावा लागत नव्हता. आमच्याकडे आजही नवसाचे रोडगे शेतात, देवळापाशी, झाडाखाली होतात. सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. आणि वर्षभर चुलीकडे न फिरकणारे पुरुष त्या दिवशी निखारे सांभाळताना दिसतात, हेही लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

रोडग्याचं पीठ जाडं दळायचं. का? जाड कणांत पाणी हळू शिरतं आणि प्रथिनं आतच अडकून राहतात, त्यांना एकमेकांपर्यंत पोचून जाळं विणता येत नाही. त्यावर तेलाचं मोहन. तेल कणांना लेप देतं, पाणी आणखी अडतं. पाणी कमी, कणीक घट्ट, मळणं जुजबी. सगळं जाळं होऊ नये म्हणून. इंग्रजीत बेकिंगच्या तुपा-लोण्याला शॉर्टनिंग म्हणतात. तिथं शॉर्ट म्हणजे खुसखुशीत, पटकन तुटणारं. आपलं मोहन तेच काम करतं. बारीक कणकेचा, बिनमोहनाचा रोडगा केला तर बाहेरून दगड आणि आतून रबर होईल.

आता भाजणं. निखाऱ्याचं तापमान कित्येकशे अंश असतं, त्यात कणकेचा गोळा थेट टाकला तर बाहेर कोळसा आणि आत कच्चं पीठ. म्हणून गोवऱ्या जळून वर राख धरू देतात. राख उष्णता हळू सोडते, मध्ये ती पडद्यासारखी उभी राहते. रोडग्याच्या आत पाणी असेपर्यंत आतलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, तिथं ते वाफेवर शिजत असतं. बाहेरचा थर मात्र कोरडा पडतो, १४० अंशांच्या पुढे जातो आणि तपकिरी, खमंग होतो. एकाच गोळ्यात दोन वेगळे स्वयंपाक चालू असतात. मग तो फडक्यात धरून राख झटकायची, हातानं फोडायचा आणि गरम असतानाच तूप घालायचं. जाड पिठामुळे आत बारीक फटी असतात, तूप त्यातून शोषलं जातं. गार झाल्यावर घातलं तर वरच थिजून राहतं.

फ्लॅटमध्ये गोवऱ्या पेटवता येत नाहीत. तिथं साधा ओटीजी चालतो. दोन वाट्या जाडं पीठ घ्या, किंवा दीड वाटी नेहमीची कणीक आणि अर्धी वाटी रवा. चार मोठे चमचे तेल, ओवा, मीठ, हळद. घट्ट भिजवून लिंबापेक्षा मोठे गोळे करा आणि वरून अंगठ्यानं दाबा. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं, मध्ये एकदा उलटायचे. धुराचा वास येणार नाही, बाकी रोडगा रोडग्यासारखाच होतो. इथं गाळली ती आग. गाळायची नाहीत ती दोन: जाडपणा आणि मोहन.

गहू बघून घ्या, यंदा विशेष

हे सगळं गहू चांगला असेल तर. आमच्या बाजारात बहुतेक गहू "लोकवन" नावानं मिळतो. हे नाव लोक-१ या वाणावरून आलं. गुजरातमध्ये भावनगर जिल्ह्यात सणोसरा इथली लोकभारती संस्था, तिनं हे वाण काढलं, म्हणून लोक. आपण त्याचं लोकवन केलं. पोळी-रोटीला चांगला. बन्सी हा वेगळ्या जातीचा कडक गहू, रवा-शेवयांना बरा. त्याचं ग्लुटेन चिवट असतं पण सहज लांबत नाही, म्हणून लांब रोटीला घेऊ नका.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे गहू पावसात सापडला होता का. मार्च-एप्रिलमधला अवकाळी पाऊस आणि गारा विदर्भाला नव्या नाहीत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट विदर्भ-मराठवाड्यात कोणी विसरलेलं नाही. कापणीला आलेला गहू भिजला की दाणा ओंबीतच उगवायची तयारी करतो. कोंब बाहेर दिसायच्या आधीच आत अमायलेज नावाचं विकर वाढतं आणि स्टार्च तोडून त्याची साखर करायला लागतं. उगवणाऱ्या रोपाला ते हवं असतं, आपल्याला नको. अशा गव्हाचा चीक शिजवताना घट्ट होण्याऐवजी पातळ पडतो, आणि साखर वाढल्यामुळे तळल्यावर लाल होतो. जगभर गिरण्यांमध्ये हे तपासायला एक चाचणी असते: पीठ-पाणी तापवून त्यात कांडी सोडतात आणि ती किती सेकंदांत बुडते ते मोजतात. लवकर बुडाली म्हणजे स्टार्च तुटलेला.

घरी त्याची सोपी आवृत्ती करता येते. दोन चमचे पीठ एक वाटी पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळा. खळीसारखं घट्ट आणि चकचकीत झालं तर गहू ठीक. पातळच राहिलं तर तो गहू कुरडईला लावू नका, रोडग्याला किंवा रोजच्या पोळीत मिसळून वापरा. दाण्याची चमक उतरलेली, रंग फिका, टोकाला काळपट असेल तर शंका घ्यायचीच. दहा मिनिटांच्या या तपासणीवर पुढचे पाच दिवस अवलंबून असतात. आणि शेतकऱ्याच्या बाजूनं बघायचं तर भिजलेला गहू म्हणजे फेकून द्यायचा गहू नव्हे. कशाला लावायचा ते कळलं पाहिजे.

मग वेळापत्रक कसं बसवायचं

कुरडईला पाच-सहा दिवस लागतात असं आपण म्हणतो. नीट मोजलं तर त्यात माणसाचं काम दोनच वेळा आहे: एकदा वाटून पिळायचं, एकदा शिजवून घालायचं. बाकी सगळी वाट पाहणं आहे, भिजायची, बसायची, वाळायची. वाट पाहणं कमी करता येत नाही, पण ते तुमच्या कामाच्या वेळेवर बसवता येतं. मंगळवारी रात्री गहू भिजवा. शुक्रवारी संध्याकाळी वाटून पिळा, चीक रात्रभर बसू द्या. शनिवारी पहाटे शिजवा, सकाळी घाला. शनिवार-रविवारचं ऊन मिळतं. एकच अट, मंगळवारी भिजवण्याआधी शनिवारचा हवामान अंदाज बघायचा, कारण एकदा गहू भिजला की मागे फिरता येत नाही.

तीन दिवसही नसतील तर दुसरा रस्ता आहे, बेक्कारीचा. मैद्याचा गोळा मळून अर्धा तास ठेवा, पाण्यात चोळून स्टार्च धुऊन घ्या, तीन-चार पाणी. गाळून रात्रभर बसू द्या आणि सकाळी शिजवा. एका रात्रीत चीक तयार. पण आंबवण झालेलं नाही, म्हणून कुरडईची ती ओळखीची आंबूस चव येणार नाही. हे आधीच घरात सांगून ठेवा, नाहीतर जेवताना ऐकून घ्यावं लागेल.

लांब रोटीत उलट आहे, तिथं वाट पाहणं जवळजवळ नाही, सगळी मेहनत हातांची. म्हणून तिथं मेहनत देऊन वेळ घ्यायचा: रात्रभर फ्रिज. रोडग्यात मेहनत कमी, लक्ष मात्र आगीकडे. ते लक्ष ओव्हनच्या टायमरला देता येतं, किंवा त्या दिवशी निखाऱ्यांपाशी बसणाऱ्या पुरुषांना.

आणि ही खरी मुद्द्याची गोष्ट आहे. कुरडईच्या दोन जड पायऱ्या, पिळणं आणि गरम चीक सोऱ्यातून दाबणं, या नुसत्या ताकदीच्या आहेत. त्याला अंदाज लागत नाही, पिढ्यान् पिढ्यांचं ज्ञान लागत नाही. अंदाज लागतो तो चीक कधी शिजला ते ओळखायला, पाणी किती काढायचं ते ठरवायला. अंदाजाचं काम आईनं करावं, ताकदीचं काम घरात जो मोकळा आहे त्यानं करावं. आमच्या घरी सोऱ्या आता माझ्याकडे आहे. आई पातेल्यापाशी बसून सांगते, "अजून दोन मिनिटं," आणि मी थांबतो. शेजारच्या काकूंनी पहिल्या वर्षी मान वळवून पाहिलं. दुसऱ्या वर्षी त्यांच्या अंगणात त्यांचा मुलगा सोऱ्या फिरवत होता.

विकत आणायलाही काही हरकत नाही. उमेदच्या बचत गटांच्या बाया चांगल्या कुरडया करतात. फक्त भाव ऐकून "एवढे?" म्हणण्याआधी वरच्या पायऱ्या मोजा. गहू स्वस्त असतो, पहाटे चारचं उठणं स्वस्त नसतं.

थोडक्यात लक्षात ठेवायचं तर: कुरडईत पाणी काढणं आणि पूर्ण शिजवणं सोडू नका, बाकी वेळ हलवा. रोटीत चाळणं सोडू नका, आपटणं सोडून द्या. रोडग्यात जाडपणा आणि मोहन सोडू नका, आग बदला. आणि गहू आधी तपासा.

तुमच्याकडे कुरडईचा गहू किती दिवस भिजवतात, पाणी बदलतात की नाही, ते जरूर कळवा. पुढच्या भागात मिरच्या: तिखट लाल का राहतं आणि दोन पावसाळ्यांनंतर फिकं का पडतं. तोवर, ऊन चांगलं आहे, वाळवण उरकून घ्या.